फुटामागं एक सूत

गणपतराव बाजाराला निघाले की खिशात रुमाल नसला तरी चालायचं, पण लोखंडी टेप आणि हातात धरायचा लहानसा ताणकाटा असल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. कांदे घेतले की भाजीवालीच्या डोळ्यांदेखत पुन्हा तोलायचे. भाजीवाली शेजारणीला म्हणायची, "आलं बग काटंसाहेब. टाक गं एक कांदा वर, न्हायतर हितंच मुक्काम पडतोय त्यांचा."

"विश्वास पानिपतात गेला, बाई," म्हणत हे तोलायचेच.

आता ह्याला नुसता स्वभाव म्हणावं तर तसंही नाही. चौतीस वर्षं त्यांनी एका साखर कारखान्यावर उसाचा काटा सांभाळला. काट्यावरच्या माणसाला दोन्हीकडून शिव्या. शेतकरी म्हणणार, हा वजन मारतो. कारखाना म्हणणार, हा शेतकऱ्याला सूट देतो. कुणी मोळ्यांच्या आत दगड घालून आणायचं, कुणी भरल्या ट्रॉलीवर उसाआड दोन माणसं निजवायचं. अशी चौतीस वर्षं काढलेला माणूस प्रसादाचा पेढासुद्धा उलटा करून बघतो, त्यात नवल ते काय!

पण माणूस सोन्यासारखा. उगाच नाव ठेवायला नको. हंगामात रात्रपाळी सुटली की ट्रॅक्टरवाले मागं लागायचे, "चला सायेब, सोडतो की घराला." एकाच्या ट्रॅक्टरवर बसलं की दुसरा म्हणणार, ह्याला उद्या वजनात सूट मिळणार. म्हणून गणपतराव दोन वर्षं चालत आले नि गेले. मग कारखान्याचे केमिस्टसाहेब बदलून जायला निघाले, त्यांच्याकडून त्यांनी जुनी हेराल्ड गाडी घेतली. फिकट निळी, गोल डोळ्यांची. तिचं पुढचं सगळं तोंडच मगरीच्या जबड्यासारखं पुढं उघडतं. ती आली नि गणपतराव कुणाच्या उपकारात बसायचे राहिले. दुसरे लोक घरात देव्हारा दाखवतात, हे गाडी दाखवायचे.

ती गाडी आता पन्नाशी ओलांडून गेलेली. दर पाच वर्षांनी तिला तपासणीला उभी करायची, पासिंग करून आणायचं, मग पुढची पाच वर्षं रस्त्यावर. ह्या खेपेला पासिंग डिसेंबरच्या तेवीस तारखेला होतं. आणि नोव्हेंबर सरता सरता गाडी रणगाड्यासारखी गरजायला लागली.

मेकॅनिकनं तिचं तोंड उघडून बघितलं. इंजिनाच्या कुशीला बोटं पसरल्यासारखा एक बिडाचा पंजा असतो, मॅनिफोल्ड म्हणतात त्याला. इंजिनातला धूर त्या बोटांतनं गोळा होतो नि मागं सायलेन्सरला जातो. तो मधोमध फुटला होता. मागं दोनदा वेल्डिंग झालेलं, आता तिसऱ्यांदा डाग धरेना.

पुण्याहून पोराचा, यशराजचा, फोन आला. "बाबा, मिळत नसला पार्ट तर द्या की भंगारात. किती दिवस तिच्या मागं लागायचं?"

"तेवीसला पास झाली न्हाय तर देतो," गणपतराव रागाच्या भरात बोलून गेले. एकदा बोलले की बोलले, माघार नाही.

त्याच आठवड्यात एक भंगारवाला दारात येऊन विचारून गेला, "द्यायची का निळी गाडी?"

झालं! गणपतराव अंबूबाईंना म्हणाले, "बगितलंस? पोराचं नि भंगारवाल्याचं साटंलोटं हाय."

अंबूबाई भाकरी थापत होत्या. "व्हय, आणि मी दोघांस्नी च्या दिला. जावा, पार्ट बगा जावा."

मग शोध सुरू झाला. जुन्या बाजारात एकानं पंजा काढून दिला, तो दुसऱ्याच गाडीचा निघाला. "घासला की बसतोय," तो म्हणाला. गणपतरावांनी टेप लावला नि उठले. मुंबईचा एकजण फोनवर म्हणाला, "है ना, अगदी असलाच है, आधी पैसे पाठवा." गणपतराव म्हणाले, "आधी त्याच्याशेजारी आजचा पेपर ठेवून फोटो पाठव." तो माणूस पुन्हा बोललाच नाही. बेळगावच्या एकाकडं होता, पण त्याला तडा गेलेला, आणि तडा रंगानं झाकलेला. तो नखानं खरवडून काढल्यावर गणपतरावांना इतका आनंद झाला की पार्ट मिळाला नाही ह्याचं दुःखच झालं नाही.

शेवटी मेकॅनिकच म्हणाला, "आण्णा, कोल्हापुरात बसून पार्ट कशाला हुडकतायसा? उद्यमनगरात ओतून घ्या की नवा."

उद्यमनगरात जोतीराम मिस्त्री होते. पॅटर्न करणारे. म्हणजे कारखान्यात लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबायचा, वाळूत उमटलेल्या पोकळीत रस ओतायचा. जोतीराम पन्नास वर्षं हेच करत आलेले. कानावर पेन्सिल, नाकावर चष्मा, नि बोलणं मोजकं.

"फुटका तुकडा ठेवून जावा," मिस्त्री म्हणाले. "चार दिसांनी या."

"ठेवून? माझ्या देखत करा. मी बसतो हितं."

"बसा की. स्टूल हाय."

चार दिवस गणपतराव स्टुलावर. लाकूड कसलं, खिळा कसला, सगळं विचारून झालं. मिस्त्रींनी एकदाही कपाळाला आठी पाडली नाही. चौथ्या दिवशी लाल रंग दिलेला पॅटर्न तयार झाला. मिस्त्री चहा सांगायला बाहेर गेले, नि गणपतरावांचा हात खिशातल्या टेपाकडं गेला.

फुटका पंजा जोडून दीड फूट. पॅटर्न दीड फूट आणि वर दीड सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पुन्हा मोजलं. तेवढंच. मग त्यांनी मिस्त्रींची पितळी पट्टी उचलली नि आपल्या टेपाला लावली.

बघतात तर मिस्त्रींचा फूट टेपाच्या फुटापेक्षा एक सूत लांब! पट्टीच खोटी!

चौतीस वर्षांच्या काटेवाल्यानं पट्टी होती तशी जागेवर ठेवली. वजन मारणारे पाहिले, माप मारणारे पाहिले, पण खोटा फूट करून घेणारा माणूस हा पहिलाच. सरळ बोलावं तर हा माणूस पॅटर्न फोडून टाकील नि तेवीस तारीख हातची जाईल. गणपतराव चहा गप्प प्याले.

"मीच घेऊन जातो फौंड्रीत," ते म्हणाले.

"न्या की," मिस्त्री म्हणाले. "शिरोलीला आदर्शच्या भट्टीवर. उद्या ओतायचा दिवस हाय."

गणपतराव शिरोलीला गेले, पण वाटेत आपल्या गल्लीच्या तोंडाला फर्निचरवाला आहे, तिथं थांबले. त्याच्याकडनं पॅटर्नच्या मधोमध करवत मारून घेतली, दीड सूत काढलं, डिंकानं पक्कं चिकटवलं, वर लाल रंगाचा हात. टेप लावला. बरोब्बर दीड फूट. घरी येऊन अंबूबाईंना म्हणाले, "कुठं कुठं म्हणून लक्ष ठेवायचं माणसानं!"

चौथ्या दिवशी पंजा तयार होऊन आला. मेकॅनिकनं इंजिनाला लावला. एका टोकाचा बोल्ट बसला, तर दुसऱ्या टोकाचं भोक बोल्टावर चढेना. तिकडचं बसवलं तर इकडचं सुटलं. पंजा आखूड झाला होता. दीड सूत.

पंजा पोत्यात घालून गणपतराव भट्टीवर गेले. आदर्शनं, भट्टीच्या मालकानं, जोतीराम मिस्त्रींना बोलावून घेतलं. आदर्श शिकलेला पोरगा, पण मिस्त्रींना मामा म्हणायचा. त्यानं पॅटर्न मोजला, पुन्हा मोजला, नि मामांकडं बघितलं.

"मामा, आटण धरली न्हाय?"

"धरली हुती की."

"न्हाय धरलेली. बगा."

गणपतरावांनी विचारलं, "आटण म्हंजे?"

"काका, लोखंड ओतताना रस असतोय. गार होताना आटतंय ते, फुटामागं एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. मामांची पट्टीच तसली असती, फुटाला एक सूत जादाची. त्या पट्टीनं केलं की हिशेबच करायला नको."

गणपतरावांच्या कानात भट्टीचा पंखा घोंगावत राहिला.

जोतीराम मिस्त्रींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. भोवती साताठ कामगार उभे होते. "माझीच चूक," मिस्त्री म्हणाले. "पेटीत दोन्ही पट्ट्या असत्यात. साधी हातात आली असंल. आता डोळ्यांचं काय खरं न्हाय. आदर्श, ह्यांस्नी दुसरा कुणी मिस्त्री बगून दे. मी बास करतो आता."

कुणी तरी म्हणायला पाहिजे होतं की, मधे पॅटर्न कुणाच्या हातात होता? कुणी म्हणालं नाही. काटा सांभाळलेला माणूस, त्याच्यावर कोण शंका घेणार! गणपतराव पंजा नि पॅटर्न पोत्यात घालून घरी आले.

दुसरा मिस्त्री म्हणजे पंधरा दिवस. तेवीस तारखेला नऊ दिवस उरलेले. गणपतराव पंजा पुढ्यात घेऊन सोप्यात बसले. अंबूबाईंनी सगळं काढून घेतलं. मेथी निवडत होत्या त्या.

"अवो, ही परातभर मेथी कढईत टाकली की मूठभर व्हत्या. मग काय मेथीनं फसवलं म्हणायचं?"

"लोखंडाचं ठावं नव्हतं मला."

"ठावं नव्हतं तर इचारायचं! चार दिस स्टुलावर बसून खिळ्याची जात इचारलासा, पट्टीची न्हाय इचारलासा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्यानं पेटी बंद केली म्हंता. मोटारीचं ऱ्हाऊ द्या एक वेळ."

सकाळी गणपतराव पॅटर्न घेऊन उद्यमनगरात. मिस्त्रींची पेटी खरंच बंद होती. मिस्त्री बाहेर बाकावर, कानावर पेन्सिल नाही.

"मिस्त्री, तुमची पट्टी चुकली न्हाय."

"मग?"

"माझी करवत चुकली."

सगळं सांगितलं. मिस्त्री उठले, पटाशी घेतली, पॅटर्नचा लाल रंग मधे खरवडला. चिकटवल्याची रेघ वर आली. तिच्यावरनं त्यांनी अंगठा फिरवला.

"मी परत बगितलंच न्हाय," ते म्हणाले. "आपल्या हातचं कशाला तपासायचं म्हटलं. काल डोळ्याच्या डाक्टरकडं जाऊन आलो मी. सुनेला सांगितलं, हत्यारं कुणाला तरी देऊन टाक. रातीचं जेवान गेलं न्हाय मला."

"चुकलो मी."

"हितं चुकून काय उपेग? ज्यांच्यापुढं मी चुकलो म्हटलो, त्यांच्यापुढं जाऊन बोला. मग लाकडाला हात लावतो."

ते ऐकून गणपतरावांना वाटलं, गाडी भंगारात गेली तर काय बिघडलं? खरंच वाटलं. पण पाय शिरोलीच्या बसकडंच गेले, मिस्त्री मागनं.

भट्टीवर जेवणाची सुट्टी होती. कामगार डबे सोडून बसलेले. गणपतरावांनी टोपी काढली नि मोठ्यानं सांगितलं, "मिस्त्रींची काय बी चूक न्हाय. पट्टी खोटी हाय समजून मी पॅटर्न मधनं कापला. कुणाला न इचारता."

मग भाकरीचा घास तोंडात असलेला एक कामगार म्हणाला, "म्हंजे काका, तुमीच काटा मारलासा की!"

सगळे हसले. आदर्शही हसला. चौतीस वर्षं जो शब्द अंगाला लागू नये म्हणून हा माणूस कुणाच्या ट्रॅक्टरवर चढला नाही, तो आज लागला, आणि बरोबर लागला. गणपतरावांनी मान हलवली. "व्हय. मारला."

जोतीराम मिस्त्रींनी कुणाच्या तरी कानावरची पेन्सिल काढून आपल्या कानावर ठेवली. "चला," म्हणाले, "लाकूड बगूया."

पॅटर्न दोन दिवसांत झाला. मिस्त्रींनी लांब फुटाची पट्टी गणपतरावांच्या हातात दिली नि प्रत्येक खूण त्यांच्याकडनंच मोजून घेतली. भट्टीवर न्यायची वेळ आली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "न्या." गणपतराव म्हणाले, "तुम्ही चला संगट." मिस्त्री म्हणाले, "माझं दुसरं काम हाय." गणपतरावांनी पॅटर्न जुन्या धोतरात गुंडाळून मांडीवर घेतला नि रिक्षा कुठं थांबू दिली नाही.

एकवीसला पंजा बसला. बोल्ट असे गेले की मेकॅनिकनं शीळ घातली. तेवीसला निळी गाडी पासिंगच्या रांगेत उभी. मागच्या सीटवर अंबूबाई, मांडीवर पिशवी. साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, मागच्या नळकांड्यात यंत्राची नळी घातली, आकडा बघितला, कान देऊन ऐकलं नि कागदावर सही केली.

"झालं. पाच वर्षं बघायला नको. न्या."

गणपतराव जागचे हलेनात. "झालं? एवढ्यात?"

"झालं की."

"साहेब, नळी एकदाच लावलासा. परत एकदा लावून बघा की."

साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. "काका, नापास झालेली माणसं परत लावा म्हणतात. पास झालेला पहिलाच बघतोय."

"न्हाय, पण तुमचं यंत्र..."

अंबूबाईंनी मागनं पिशवी त्यांच्या खांद्यावर हाणली, तेव्हा कुठं गणपतरावांनी गियर टाकला.