शेवंतीवाल्या मावशी

काउंटरपाशी आल्या की मावशी आधी फुलदाणी उचलायच्या, नाक आत घालून पाणी हुंगायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या.

“काल बदललं न्हाईस की गं पाणी!”

मी खोटं बोलू शकत नसे. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात स्वागतिका होते, आणि मावशी एक दिवसाआड आमच्या दारातली पितळी फुलदाणी सजवायला शिवाजी पेठेतून चालत यायच्या. आश्विन आला की त्यांच्या अंगात उत्साह संचारायचा. पिवळी शेवंती, जांभळे ॲस्टर, मागे निशिगंधाच्या उंच काड्या. देठ बादलीतल्या पाण्याखाली धरूनच तिरका कापायच्या. पाण्यात बुडणारं प्रत्येक पान खुडायच्या. कुणी पेशंटची केळी फुलदाणीशेजारी ठेवली की खवळायच्या, “उचला पावणं ती! फळाजवळ फूल टिकत न्हाय.”

त्यांची शेवंती आठ-आठ दिवस ताजी राहायची. डॉक्टर कौतुकानं म्हणायचे, “एकदा वरच्या वॉर्डातही सजवा की.” मावशी हसणं थांबवायच्या. “वर न्हाय. वरचं सांगू नका.”

मला तो हेकेखोरपणा वाटायचा. एकदा मीही चिडवलं, तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “माझी थोरली भन बाळंतपणाला असल्याच एका दवाखान्यात गेलती. जिना चालत चढली. खाली उचलून आणली.” आणि पुन्हा देठ कापायला लागल्या. तुमच्या-माझ्या ओळखीत अशी माणसं असतात. आपण त्यांच्या हट्टाला हसतो, आणि एका वाक्यानं आपली मान खाली जाते.

त्याच मावशींनी एका नवरात्रात स्वतःची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आणली.

“दुसरीकडं न्ह्यायचं धाडस हुईना. तू हायस नव्हं हितं?” त्या म्हणाल्या.

मी साधी रजिस्टर लिहिणारी मुलगी. माझ्या असण्यानं काय होणार होतं?

सकाळी लेकीला वर नेलं. मावशी जिन्याखालच्या बाकावर फुलांची पाटी घेऊन बसल्या. अकराच्या सुमारास नर्स धावत खाली आली. मुलगी झाली होती, पण आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. जावई चिठ्ठी घेऊन रक्तपेढीकडे पळाला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला. “दोनच बाटल्या मिळाल्या. आणखी पाहिजेत तर माणसं आणा म्हणतायत.”

मावशींच्या घराजवळच्या तालमीशेजारी एका दुकानात फोन होता, तो नंबर मला त्यांनीच कधीतरी दिला होता. मी लावला. दुकानदारानं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. “पोरं मैदानावर हाईत. धाडतो,” म्हणाला. जावयानं नंतर सांगितलं, मॅच अर्धवट टाकून तालमीच्या फुटबॉल संघातले अकरा जण बुटांनीच रक्तपेढीत आले होते, आणि तिथल्या बाई फरशीवरच्या चिखलावरून ओरडत ओरडतच त्यांच्या बाह्या वर करत होत्या.

पण हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी फोन ठेवून वळले तर मावशी देठ कापत होत्या. कापलेलाच देठ पुन्हा, मग पुन्हा. बादलीत शेवंतीची नुसती बिनदेठाची फुलं तरंगत होती. मी कात्री काढून घेतली.

वरून नर्सनं हाक मारली, “बाळाला कुणीतरी घ्या! आजी कुठंय?”

“माझी पोर कशी हाय, ते सांगा आधी!”

“आधी वर या,” म्हणत नर्स आत वळली.

मावशींनी कठडा धरला. दुसऱ्या हातानं माझं मनगट. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या चढल्या. मधल्या वळणावर थांबल्या तेव्हा मला वाटलं, आता परत फिरणार. त्यांची नखं माझ्या कातडीत रुतली, पण त्या फिरल्या नाहीत. वर गेल्यावर कपड्यात गुंडाळलेलं बाळ त्यांच्या हातात आलं. त्याच्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, “तुझी आई कशी हाय गं? तू बघितलीस नव्हं?”

तो प्रश्न ऐकून नर्सनं तोंड फिरवलं.

तीन वाजता डॉक्टर बाहेर आले. रक्त थांबलं होतं. मावशी हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. बाळासकट तिथंच फरशीवर बसल्या.

लेक कित्येक महिने अशक्त होती. मावशींनी फुलांचं काम सोडलं आणि तिच्यासोबत तिच्या सासरी, पेठ वडगावला राहायला गेल्या. आमच्या फुलदाणीत कुणीतरी प्लॅस्टिकचे गुलाब खोचले.

वर्षभरानं मी त्यांना भेटायला गेले. अंगणात नात नुकतंच पाऊल टाकायला शिकत होती. तिची आई ओसरीवर बसून खिदळत होती. मावशी मात्र कमरेत वाकून, दोन्ही हात पसरून, नातीला न शिवता तिच्या मागोमाग चालत होत्या. मी हाक मारली.

“थांब जरा,” मान न वळवता त्या म्हणाल्या, “पडंल की गं ती.”