सरांनी माझ्याशी मराठी सोडली

"माहौल का असर तो पड़ता ही है. इन्हीं को देख लीजिए. कोटे से आईं, हमारे माहौल में रहीं, तो गैलेक्सी तक पहुँच गईं."

माझे गाइड हे बोलले आणि सेमिनार हॉल हसला. मी पडद्याजवळ उभी. आजूबाजूच्या दाटीचा दीर्घिकेवर परिणाम होतो का, असं एका पाहुण्यांनी मला विचारलं होतं, उत्तर सरांनीच देऊन टाकलं. शेवटच्या रांगेत माझे बाबा बसले होते. इस्त्रीचा शर्ट घालून. तेही हसले.

बाबा चारबागला रेल्वेत फिटर. मूळचे नांदेडकडचे, नेमणूक लखनऊला मिळाली. पीएचडीतलं माझं पहिलं भाषण ऐकायचं म्हणून त्यांनी सुट्टी टाकली होती. आदल्या दिवशी मी त्यांना विषय समजावला. न दिसणाऱ्या पदार्थाचे प्रचंड गोळे असतात, त्यांना हेलो म्हणतात. त्यांच्या पोटात दीर्घिका जन्मतात. दोन हेलो सारख्याच वजनाचे असले, तरी दाटीतला बहुधा आधी जमून येतो, ओसाड जागेतला मागाहून.

बाबा विचार करून म्हणाले, "म्हणजे मागं राहिला यात त्याचा दोष नाही."

"नाही, बाबा."

सर मराठीच. पहिल्या भेटीत खूश झाले. "अरे वा, आपल्याकडची मुलगी! गाव कुठलं?" सांगितलं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं.

"अच्छा," म्हणाले.

त्यानंतर तीन वर्षं माझ्याशी मराठीचा एक शब्द नाही. विभागातल्या दुसऱ्या मराठी मुलाशी बोलायचे. माझ्यासमोर. मी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. मी गप्प राहिले. काम करायचं होतं.

त्या दिवशी उरलेल्या स्लाइड मी कशाबशा दाखवल्या. बाबांना स्कूटीवर मागे बसवून मी छावणीच्या रस्त्याने घरी निघाले.

मी विचारलं, "सर काय म्हणाले, कळलं तुम्हाला?"

"कळलं की."

"मग हसलात का?"

"सगळे हसत होते, बाळा."

मला स्कूटी बाजूला घ्यावी लागली. माझ्या बापाने नोकरीत असं किती वेळा हसून घेतलं असेल?

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. बसले नाही.

"सर, काल जे बोललात ते माझ्या तोंडावर मराठीत बोलून दाखवा."

त्यांनी वर पाहिलं. "बात का बतंगड़ मत बनाइए."

"मी लेखी तक्रार देते आहे," मी म्हणाले. दिली.

समितीने साक्षीदार मागितला. भरलेला हॉल होता, पण कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मी बाबांना विचारलं, साक्ष द्याल का. ते म्हणाले, "माझं नाव नको घालू. रिटायर व्हायला थोडेच दिवस उरलेत."

मी घातलं नाही. त्यांच्यावर रागावताही आलं नाही. तेव्हापासून आम्ही जेवताना फारसं बोलत नाही.

तक्रार पडून आहे. गाइड बदलून मागितला, तोही मिळालेला नाही. विभागातले लोक भेटून सांगतात, शिकायत वापस ले लो, थीसिस अटक जाएगी. अडकू दे. प्रबंध मी याच विभागात देणार, उशिरा का होईना. तक्रारीच्या कागदावर एकच सही आहे, माझी. ती मी खोडणार नाही.