गच्चीवर आलेला वड

नोकरीची शेवटची वर्षं मी एटापल्ली तालुक्यातल्या एका लहान गावात शिकवत होते. दोन खोल्यांची शाळा, आणि शाळेसमोर, गावात शिरायच्या वाटेवर, एक जुना वड. त्याच्या बुंध्यात छातीइतक्या उंचीवर एक ढोली होती. पेरणीआधी गावकरी तिच्यात धानाची मूठ ठेवत. गावाचं देवकार्य पाहणारा म्हातारा गायता ती मूठ ठेवायचा, आणि मग सगळं गाव दुपारभर वडाखाली बसून राहायचं. बोलायचे ते अगदी हळू आवाजात. वर्गातून मला ती कुजबुज ऐकू यायची.

आमच्या घरात देवदेवस्कीला जागा नव्हती. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं मागे टाकलं होतं. मला त्या झाडाचं आकर्षण होतं ते वेगळ्या कारणानं. बोन्सायचा नाद मला तेव्हा नुकताच लागला होता, आणि वडाची फांदी सहज जगते हे मला ठाऊक होतं. निवृत्त होऊन चंद्रपूरला परतायचं ठरलं तेव्हा मी गायत्याला एक फांदी मागितली. त्यानं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग कुऱ्हाड घेऊन स्वतःच अंगठ्याएवढी जाड फांदी तोडून दिली.

पावसाचे दिवस होते. फांदीचा चीक धुऊन मी ती रेती आणि शेणखताच्या मिश्रणात खोचली, वरून पारदर्शक पिशवी बांधली. महिन्याभरात कोंब फुटले. पुढे ती उथळ कुंडीत हलवली, मुळं छाटली, फांद्यांना तार गुंडाळून वळण दिलं. आमच्या गच्चीवर कोळशाची काळी भुकटी रोज बसते. मी एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायची. काही वर्षांत ते चांगलं वीतभर झाड झालं. त्याला पारंब्या फुटल्या तेव्हा मात्र मला नवल वाटलं. कुंडीतल्या वडाला पारंब्या यायच्या तर हवेत ओल लागते, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ओल कुठली? तरी त्या आल्या. मी आनंदानं नवऱ्याला बोलावून दाखवल्या.

मग एका वैशाखाच्या दुपारी मी कुंड्यांना पाणी द्यायला वर गेले. वारा अजिबात नव्हता. दोरीवरचे कपडे हलत नव्हते. आणि त्या वडाची सगळी पानं गळून पडलेली होती. सकाळी झाड हिरवंगार होतं. पानं वाळलेलीही नव्हती, ताजीच होती, आणि सगळी एकाच बाजूला, जोराच्या वाऱ्यानं लोटल्यासारखी भिंतीशी जमली होती. शेजारच्या जास्वंदीचं एक पानही पडलेलं नव्हतं. उन्हाचा तडाखा असेल असं मी मनाला सांगितलं आणि कुंडी सावलीत सरकवली.

झाड मेलं नाही. पावसाळ्याआधी नवी पालवी आली. पण बुंध्यावर एक काळसर डाग दिसायला लागला. मी तो खरवडला, हळद लावली. डाग खोल होत गेला, आणि शेवटी तिथे मुगाचा दाणा मावेल एवढा खळगा पडला. कडा सुक्या, गुळगुळीत, जणू फार जुन्या. तो पाहून मला काहीतरी आठवतंय असं वाटायचं, पण काय, ते ध्यानात येत नव्हतं.

दिवाळीनंतर एका दुपारी दाराशी गायता उभा होता. सोबत गावातल्या दोन बायका. गावातली माझी एक विद्यार्थिनी इथे दवाखान्यात नोकरीला आहे, तिनं त्यांना पत्ता दिला होता. मी पाणी दिलं, चहा ठेवला. गायत्यानं सांगितलं की वैशाखात गावावर मोठं वादळ आलं आणि वड मुळासकट उपटला गेला. दिवस कोणता, वेळ कोणती, तेही सांगितलं. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. त्या दुपारी मी गच्चीवर काय पाहिलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

“झाड पाहाले आलो, बाई,” तो म्हणाला. “इथी हाय म्हणते.”

मी त्यांना वर नेलं. जिना संपताच तिघांनी चपला काढल्या. गायता कुंडीसमोर उकिडवा बसला, खूप वेळ बघत राहिला, मग त्यानं बुंध्यावरून बोट फिरवलं आणि त्या खळग्यावर थांबवलं. तेव्हा मला कळलं मला काय आठवत होतं ते: जुन्या वडाची ढोली. तीच बाजू, तीच उंची, फक्त सगळं लहान. फांदीला झाडाची जखम येत नसते. मी स्वतःच्या हातानं फांदी लावली होती, तेव्हा तिची साल कोवळी, अखंड होती.

गायत्यानं कनवटीतून धानाचा एक दाणा काढून खळग्यात ठेवला. तिघंही तापलेल्या गच्चीवर बसून राहिली. उठताना तो एवढंच म्हणाला, “याले बांधून ठेवू नका.”

ते गेल्यावर मी सगळ्या तारा सोडवल्या.

पुढच्या पेरणीआधी ते परत आले, या वेळी जास्त जण. त्यांचं येणं मला जड वाटलं नाही. त्रास झाला तो ते नसतानाच्या दिवसांत. एकदा भर दुपारी नवरा पाण्याची कळशी आणि पेले घेऊन वर गेला. थोड्या वेळानं कळशी तशीच भरलेली घेऊन खाली आला आणि खुर्चीवर बसला.

“तुझ्या गावचे लोक आले ना?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, कोणी आलं नाही.

“मले ऐकू आलं. बसून बोलून राह्यले होते. हळूहळू, खूप जण.”

मी वर गेले. गच्चीवर ऊन होतं आणि कुंडी होती. पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मलाही ते ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. पाऊल गच्चीवर टाकलं तशी कुजबुज थांबली, वर्गात मास्तर शिरल्यावर थांबते तशी. भीतीपेक्षा मला लाज जास्त वाटली. आपण विनाकारण मधे आलो असं वाटलं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, “हे आपल्या घरचं नाई. पोचवून देऊ.”

पाऊस लागल्यावर आम्ही गाडीनं निघालो. कुंडी मी मांडीवर धरली होती. आलापल्लीच्या पुढे जंगल दाट झालं, आणि मला एकदाही तिच्याकडे बघावंसं वाटलं नाही. जिथून जुना बुंधा उपटला गेला होता तिथला खड्डा गावकऱ्यांनी भरून ठेवला होता. गायत्यानं झाड कुंडीतून काढलं आणि मातीत बसवलं. वीतभर झाड, भोवती सगळं गाव.

वडाला मोकळी जमीन मिळाली की तो हां हां म्हणता वाढतो. यंदा मी गेले तेव्हा त्याला तिसरा पावसाळा लागला होता. झाड टवटवीत होतं, लाल फळं धरली होती. शेळ्या त्याला तोंड लावत नव्हत्या. आणि ते तेवढंच होतं, वीतभर. भोवती मात्र गावानं दगडांचा मोठा पार बांधला होता, जुन्या वडाला शोभेल एवढा.

मी गायत्याला विचारलं, “भाऊ, हे वाढून काऊन नाई राह्यलं?”

“वाढून कुठी जाईन, बाई? मोठाच हाय.”

दुपारची वेळ होती. लोक पारावर गोल बसले होते, पण झाडाजवळ नाही. जुन्या वडाची सावली जिथवर पोचायची, तेवढ्याच घेरात सगळे होते. त्या हद्दीबाहेर उन्हात एकही जण नव्हता. खरं तर ऊन सगळीकडे सारखंच होतं. दोन बायकांनी सरकून मला जागा करून दिली. मी बसले. पाठीवरचं ऊन हळूहळू निवत गेलं, मग मान निवली, मग हात.

नवरा गाडीपाशी उभा होता. त्यानं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. चपला काढून तो आमच्याकडे यायला लागला.