पाटणकरला न जमलेलं एक वाक्य

अविनाश पाटणकर कोणाच्याही घरी लेन्स बघायला गेला की आधी हात धुवायचा. दाराशी बूट काढायचा, सिंक कुठे आहे विचारायचा, मनगटापर्यंत साबण लावायचा आणि पुढे केलेला टॉवेल नाकारून खिशातला स्वतःचा घडीचा रुमाल काढायचा. मग खिडकीशी उभा राहून छोट्या टॉर्चचा झोत काचेतून आरपार सोडायचा आणि पुरतं एक मिनिट काही बोलायचा नाही. हाउन्सलोच्या आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा माझी बायको आतून हळूच म्हणाली, "ऑपरेशन करणार आहेत का?" मी हसलो, पण माझ्यावर छाप पडली ती पडलीच. त्या माणसाचे फक्त हातच स्वच्छ होते, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

जुने कॅमेरे आणि लेन्स हा आमचा छंद. इंग्लंडभर विखुरलेल्या मराठी लोकांचा त्यासाठी फोनवर एक ग्रुप आहे. तिथे वस्तू विकायची तर फोटोत तिच्याशेजारी स्वतःच्या अक्षरात नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी लागते, आणि नव्या माणसासाठी जुन्या सभासदाला हमी द्यावी लागते. तिसरं एक काम मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. प्रत्येक लेन्सवर तिचा नंबर कोरलेला असतो. कोणती लेन्स कोणाकडून कोणाकडे गेली हे मी नंबरासकट एका शीटमध्ये लिहून ठेवतो. कौन्सिलमध्ये ऑडिटचं काम करतो, घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही. "लिमये, लेन्सचे जन्मदाखले काढून झाले की रेशनकार्डं काढा," असं पाटणकर ग्रुपवर लिहायचा. लोक हसायचे.

पाटणकरची हमी मीच दिली होती. माझ्याशी त्याचे तीन व्यवहार झाले आणि तिन्ही चोख झाले. जिथे कोणी नंबर लिहून घेतं तिथे लबाड माणूस चोखच वागतो, हे पगार घेऊन ऑडिट करणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

बोलायला तो गोड होता. पावती मागितली की म्हणायचा, "आपल्यात कसली पावती? उद्या गणपतीत समोरासमोर बसून मोदक खायचेत आपल्याला." पैशांचा विषय निघाला की डोळे मिटायचा. "मी धंदा करत नाही हो. मी वस्तूला घर शोधून देतो." हे वाक्य मी त्याच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकलं असेल. त्याच्या गॅरेजमध्ये अशा घर शोधणाऱ्या साठेक वस्तू कपाटात लावलेल्या होत्या, प्रत्येकीला किमतीचं लेबल. ते पाहूनही मला काही वाटलं नाही. उलट किती टापटीप आहे हा, असं वाटलं.

स्लाऊचे डॉक्टर राजवाडे गेले आणि वर्षभराने त्यांच्या पत्नी सुमनताईंचा मला फोन आला. डॉक्टर आमच्या ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ. इथल्या हॉस्पिटलात उभी हयात काम केलं आणि सुट्टीत पक्ष्यांचे फोटो काढले. "चार लेन्स आहेत. कोणीतरी वापरणाऱ्याने न्याव्यात," सुमनताई म्हणाल्या. "पैशांचं तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही." मी गेलो, चारही लेन्सचे नंबर उतरवून घेतले, उजेडात धरून पाहिल्या. मला काचा स्वच्छ दिसल्या. पण आपण काही जाणकार नाही, म्हणून किंमत ठरवायला पाटणकरला पाठवलं. सुमनताईंना सांगितलं, "निर्धास्तपणे द्या. माझ्या भरवशाचा माणूस आहे."

त्याच आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला. आवाज बारीक झालेला.

"लिमये, चारही लेन्सना आतून बुरशी लागलीय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"पाटणकर. टॉर्च लावून दाखवली त्यांनी मला. मला नीट काही दिसलं नाही, पण ते म्हणाले, सुट्या भागांसाठी तरी नेतो. चारींचे मिळून एकशे वीस पौंड दिले." मग म्हणाल्या, "डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या असतात ना, त्या हे दर महिन्याला बदलायचे. हे गेल्यावर मी त्या डब्याला हातच लावला नाही. माझ्यामुळे झालं हो हे. एवढ्या जपल्या होत्या त्यांनी."

मी पाटणकरला विचारलं. तो सुस्कारा सोडून म्हणाला, "वाईट वाटतं हो. दमट घर. बाईंना फार बोललो नाही मी, उगाच कशाला मनाला लावून घ्यायच्या." मी त्याचे आभार मानले. अक्षरशः आभार मानले.

सुमनताईंनी मनाला लावूनच घेतलं होतं. दिवाळीत भेटल्या तेव्हाही तोच विषय. जेवता जेवता मध्येच म्हणाल्या, "महिन्याला दोन मिनिटांचं काम होतं." त्यांची सून म्हणाली, "आई, लेट इट गो ना."

मार्चमध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टर नेहा वाघचा मेसेज आला. ही तिशीतली मुलगी आमच्या ग्रुपमध्ये नवी. "काका, एका सेलिंग साइटवरून लेन्स घेतली, कसली सुंदर आहे. तुमच्या शीटमध्ये नंबर टाका ना." मी नंबर टाकला आणि शीटने तो आधीच आहे म्हणून लाल करून दाखवला. राजवाड्यांच्या चार लेन्सपैकी एक. नेहाने त्या एका लेन्सचे दोनशे नव्वद मोजले होते. जाहिरात मागवून पाहिली. विकणाऱ्याचं नाव भलतंच होतं, पण फोटोत मागे ते लेबलवालं कपाट होतं. मजकूर असा, की एका डॉक्टरांनी जिवापाड जपलेली लेन्स, बुरशीचा मागमूस नाही, काच नव्यासारखी.

मी घाईने आरोप करणारा माणूस नाही. पाटणकरने साफ करून घेतली असेल, अशीही शक्यता होती. नेहाला सांगून लेन्स तिथल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याला दाखवली. त्याने कागदावर लिहून दिलं की ही लेन्स कारखान्यातून निघाल्यापासून कधी उघडलेलीच नाही, आणि तिच्यात बुरशी कधीच नव्हती.

शनिवारी दुपारी हाउन्सलो स्टेशनजवळच्या कॅफेत पाटणकरला बोलावलं आणि तो कागद समोर ठेवला. त्याने वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवला. चेहऱ्यावर लाज नव्हती, बस चुकलेल्या माणसाचा वैताग होता.

"लिमये, बाजार आहे हा. मी त्यांच्या हातातून ओढून नेल्या का? उलट घर मोकळं करून दिलं."

"बुरशी आहे म्हणालात तुम्ही."

"किंमत पाडायला सगळेच काहीतरी म्हणतात. भाजीवाल्याकडे तुम्ही नाही म्हणत, टोमॅटो मऊ आहेत म्हणून?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "किती फरक पडतो सांगा. आत्ता ट्रान्सफर करतो."

खरंच त्याने फोन काढला. मी म्हणालो, पैसे द्यालच, पण आधी सुमनताईंना फोन करा आणि एवढंच सांगा की काचा स्वच्छ होत्या.

त्याने फोन टेबलावर उलटा ठेवला. "पैसे देतोय ना मी?"

"त्या स्वतःला दोष देतायत. एक वाक्य आहे."

"ते नाही जमणार. पैसे हवे तर जास्त घ्या. त्या चार ठिकाणी बोलतील, माझी इथे इज्जत आहे."

त्याने सहाशे पाठवले. हिशेबाने योग्य आकडा होता, त्याला बाजारभाव तोंडपाठ. कॉफीचे पैसेही त्यानेच दिले. मी आजवर बरीच चोर माणसं कागदावर पाहिली आहेत, पण चोरीचा माल परत करायला तयार आणि खोटं परत घ्यायला नाही, असा भिकार माणूस हा एकच. ग्रुपमधून त्याला काढलं. दुसऱ्या एका ग्रुपमध्ये तो अजून वस्तूंना घरं शोधून देतो, असं ऐकतो.

रविवारी नेहाकडून लेन्स मागून घेतली आणि तो कागद घेऊन स्लाऊला गेलो. सुमनताईंना सगळं सांगितलं, पैसे त्यांच्या खात्यात भरले तेही सांगितलं. पैशांचं त्यांनी ऐकलंच नाही. लेन्स खिडकीशी नेऊन बराच वेळ आरपार बघत राहिल्या.

"म्हणजे नव्हतीच."

"नव्हतीच."

"तुम्ही आधी बघितल्या होत्यात ना, लिमये? तुम्हाला काय दिसलं होतं?"

"स्वच्छ."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत मला?"

याला एकच खरं उत्तर होतं आणि ते मी दिलं. माझ्या डोळ्यांपेक्षा त्या माणसाच्या टॉर्चवर माझा जास्त विश्वास बसला.

त्यांनी लेन्स माझ्या हातात दिली आणि खुर्चीत बसल्या. "तुम्हाला काय बोलू मी," त्या म्हणाल्या. "ह्यांना मी चव्वेचाळीस वर्षं पाहत होते. त्याला वीस मिनिटं. तरी खरं मानलं ते त्याचं."