बुटातला पाय

माझ्या दादाचा डावा पाय गुडघ्याखाली सुरुंगानं नेला, सीमेवर गस्त घालताना. दवाखान्यात आई रडायला लागली तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, "रडतेस काय? आता नवा बूट एकाच पायाला चावेल." आईनं रडता रडता त्याला एक चापट मारली. पाय गेला, पण दादानं हातपाय गाळले नाहीत.

घरी त्याला बसवेना. अग्निशमन दलात जातो म्हणाला. आई म्हणाली, "पुरे झाल्या आता लष्कराच्या भाकऱ्या." पण ऐकेल तर तो दादा कसला. दलानं त्याला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा शिडी चढवली, पाइप ओढायला लावला आणि मुकाट्यानं घेतलं. बंबावरचा पंप त्याच्या ताब्यात आला. मी त्याच केंद्रात फोनवर बसते, त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्याकडे बूट भिंतीशी मांडून ठेवतात आणि जाड पँट त्यांच्यावरच गोळा करून ठेवतात. घंटा झाली की बुटात पाय घालायचे, पँट वर ओढायची आणि पळायचं. दादाचे नकली पाय दोन, एक घरचा आणि एक ड्युटीचा. कामावर आल्या आल्या तो घरचा पाय काढून कपाटात ठेवतो. ड्युटीचा आधीच बुटात उभा असतो, पँटसकट. घंटा झाली की दादा कुबडीवर टुणटुणत जातो, आत गुडघा खोचतो, खट्ट वाजतं, आणि बाकीचे पट्टे आवळत असतात तोवर हा बंबावर चढलेला असतो.

मग नवे साहेब आले. त्यांनी दादाला बोलावलं.

"तुम्ही खूप केलंत. आता आराम करा. एक तारखेपासून फोनवर बसा."

"पण मी दमलोय कुठं, साहेब?"

"तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. बसून करायचं काम आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर बसणं म्हणजे आराम? लोक कानात किंचाळतात आणि पत्ता सोडून सगळं सांगतात. पण माझं जाऊ दे. दादा त्या दिवशी जेवला नाही. सुरुंगानं जे शिल्लक ठेवलं होतं, ते हा माणूस गोड बोलून काढून घेत होता.

दोन दिवसांनी दुपारी रंगाच्या गोदामाला आग लागली. मी घंटा दाबली. साहेबांनाही चेव आला, स्वतः निघाले. त्यांचे बूट अजून खोक्यात होते, म्हणून समोर दिसले त्या बुटांत त्यांनी पाय खुपसले. उजवा गेला. डावा मध्येच अडला, मुरगळला आणि साहेब धपकन खाली बसले.

"यात काहीतरी आहे!"

"माझा पाय आहे, साहेब," कुबडीवर उभा असलेला दादा म्हणाला. "जरा देता?"

साहेबांनी बूट काढून दिले. दादानं पाय चढवला, कुबडी तिथंच टाकली आणि बंब निघाला.

साहेबांचा घोटा टम्म सुजला. मी त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि वाजणारा दुसरा फोन हातात दिला. "घ्या साहेब. बसून करायचं काम आहे." पलीकडे गोदामाच्या वरच्या मजल्यावरची बाई होती. तिच्याकडून जिना कुठे आहे एवढं काढून घेईपर्यंत साहेबांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला. ते त्यांनी बंबाला कळवलं, नीट कळवलं. बाई वाचली.

संध्याकाळी दादा परतला, काजळीनं माखलेला. साहेब भिंत धरून उठायला बघत होते. दादानं जमिनीवरची कुबडी उचलून त्यांच्यापुढे धरली.

"पहिले आठ दिवस जड जातं, साहेब. मग सवय होते. तोवर फोनवर बसा."

एक तारखेला दादा बंबावरच होता.