पौषातल्या घोड्या

घोडीवर बसून रानात हिंडायचं आणि रात्री जवळच कुठंतरी तंबू ठोकून राहायचं, ही कल्पना माझी. मीच ती सुचवली, मीच आखली आणि जवळजवळ मीच नासवली. या सहलीत घोडीवर बसायची सगळ्यात जास्त इच्छा माझ्या बायकोला होती, आणि ते मला सगळ्यांच्या नंतर कळलं. शेवटी बरं झालं, म्हणून आज हसत लिहितो आहे. तरी लिहिताना कान गरम होतात.

मी बीडला सरकारी कचेरीत आहे, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी मी फिरायला जातो त्या रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दोन घोड्या बांधलेल्या असतात, एक पांढरी, एक तांबडी. नवरदेवाला मिरवायच्या घोड्या. त्या गृहस्थांना सगळी वस्ती मामू म्हणते. थंडी पडली होती. घोड्या उन्हात उभ्या राहून कडबा चघळत होत्या. मी सहज विचारलं, "सध्या काम नाही वाटतं?"

"पौष लागतोय साहेब," मामू म्हणाले. "पौषात लगन कोण करतंय? महिनाभर बसून खातेत. पाय आखडून जातेत बिचाऱ्यांचे."

"मग आम्हीच फिरवून आणतो की रानातून," असं मी बोलून गेलो, आणि घरी येईपर्यंत ते पक्कंही केलं.

आमच्या जिल्ह्यात मोरांसाठी राखलेलं रान आहे. मी वनरक्षकाला जाऊन भेटलो. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घोड्यावर कावून? आत गाडीरस्ता हाय की."

मी मोरांबद्दल बोलायला लागलो. तो म्हणाला, दिवसा ठरलेल्या वाटेनं घोडी न्या, मी सोबत येतो. मुक्काम मात्र आत न्हाई. मुक्कामाची सोय माझ्या मेव्हण्यानं केली. तो तेलगावला असतो, ऊस आणि कापूस करतो, आणि त्याची ओळख नाही असं गाव नाही. रानाच्या कडेलाच त्याच्या एका ओळखीच्या माणसाचं शेत होतं. उभी ज्वारी, पाण्याची विहीर, लिंबाचं झाड. आणखी काय पाहिजे?

एका रविवारी मेव्हणा घरी आला. मी सतरंजीवर कागद पसरला आणि कामं वाटून दिली. तांबडी घोडी माझी, पांढरी मेव्हण्याची. तंबू, भांडी, पीठ आणि बायको जीपमध्ये. ती पुढं जाऊन चूल मांडेल, आम्ही रान बघून जेवायला पोचू. मी हे अगदी हुशारीनं सांगितलं. बायको वाटाणे सोलत होती. "बरं," म्हणाली आणि सोलत राहिली.

"दाजी, लई भारी," मेव्हणा म्हणाला. "मी बूट घेतो नवे. रिकिबीत चपल घसरती म्हणतेत."

दुपारून आम्ही बसून बघायला मामूंकडं गेलो. बायकोही आली. मामूंनी घोड्यांवर जरीच्या झुलीऐवजी साधी वाकळ आणि खोगीर घातलं होतं. त्यांनी बायकोकडं बघून विचारलं, "भाभी बसणार काय?"

ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, "छे छे, ती भिते."

तिनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी बघितलं, पण तेव्हा माझा एक पाय रिकिबीत होता आणि सगळं लक्ष दुसऱ्या पायाकडं होतं.

घोडी छान चालली. वस्ती संपली, गावठाण लागलं, आणि मारुतीच्या देवळासमोर ती थांबली. टाच मारली, चुचकारलं, लगाम ओढला. ती ढिम्म. मागून पांढरी आली आणि शेजारी उभी राहिली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं नवरदेव मांडवात जायच्या आधी मारुतीच्या पाया पडायला जातो. घोडी देवळापुढं थांबते, नवरदेव उतरतो, नारळ फुटतो, तो परत चढतो आणि मग वाजत-गाजत घोडी हलते. जन्मभर या दोघींनी हेच केलेलं. नवरदेव उतरल्याशिवायही पुढं जायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

पारावर दोघे बसले होते. एक म्हणाला, "नवरदेव लई उशिरा निघाला बे."

"दुसरेपणाचा असंल," दुसरा म्हणाला.

"अन् त्यो मागचा?"

"करवला हाय वाटतं. बूट नवे दिसतेत."

बूट मेव्हण्यानं मामूंकडं येता येताच घेतले होते.

मामू धापा टाकत पोचले. "साहेब, उतरा, पाया पडा. मंग हलंल."

आता माझी अडचण अशी की आम्ही बौद्ध. आज्यानं दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरातलं कुणी मारुतीपुढं वाकलेलं नाही, आणि मी एका घोडीपायी वाकावं का, हा प्रश्न मला तिथं, लोकांदेखत, खरोखर पडला. मी तसाच बसून राहिलो. तेवढ्यात मागून चालत येणारी बायको पुढं झाली. तिनं लगाम धरला, घोडीचं तोंड देवळाकडून वळवलं, मानेवर हात फिरवला आणि काहीतरी पुटपुटली. घोडी तिच्यामागं चालू लागली.

परतीच्या वाटेवर ती लगाम धरून पुढं आणि मी वर. मघापासून तिचा हात घोडीच्या मानेवरून निघाला नव्हता.

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"आज इचारताय."

"बसायचं होतं का तुला?"

तिनं घोडीच्या आयाळीत अडकलेली काडी काढून टाकली. मग म्हणाली, "आजवर घोडीचं शेपूटच बघत आले. भावाच्या वरातीत, दिराच्या वरातीत. घोडी पुढं, बाया मागं. म्हणलं, या खेपेला पुढचं दिसंल."

मी तिथंच उतरायला हवं होतं. पण उतरायचं कसं ते मामूंनी शिकवलं नव्हतं, आणि ते बरेच मागं राहिले होते. म्हणजे मी वर बसूनच शरमलो.

पुढचा आठवडा वाईट गेला. घोड्या दोन, आणि एकीवर मेव्हण्याचे नवे बूट. त्याला फोन लावला. कापसाबद्दल बोललो, उसाच्या तोडीबद्दल बोललो, त्याच्या म्हशीची चौकशी केली आणि ठेवून दिला. माझी घोडी तिला देऊन टाकावी, हा साधा मार्ग होता. पण मलाही बसायचं होतं, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या वडलांच्या काळी गावात आमच्यातला नवरदेव घोडीवर बसला की चार तोंडं वाकडी व्हायची. माझ्या लग्नात वडील म्हणाले, पाय दिलेत, चालत जा. मी चालत गेलो. पण ती घोडी मनात कुठंतरी उभीच राहिली होती.

मग मी कंबर दुखायचं सोंग काढलं. वाटलं, आपण आजारी, घोडी आपोआप तिची. देण्याचा मोठेपणा नको आणि मागण्याचा कमीपणा नको. दोन दिवस लंगडलो.

"आवो," बायको म्हणाली, "सकाळी डावी बाजू धरली होती. आता उजवी कशी?"

तेवढ्यात मामूंचा फोन आला. "साहेब, पांढरी त्या दिवशी मिळणार न्हाई. लगनाची सुपारी आली."

"पौषात?"

"तुमच्यातलंच लगन हाय. तुमी लोक कुठं पौष पाळता? माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

त्यांच्या ध्यानात एक वेळ येणार नाही, पण माझ्याही येऊ नये? मी फोन ठेवला तर बायको तोंडाला पदर लावून हसत होती. "आपलं लग्न कोणत्या महिन्यात झालं?"

पौषात. उलट मंडप आणि भांडी सहज मिळतात म्हणून वडलांनी मुद्दाम पौष धरला होता. आणि मी पौषात कुणी लग्न करत नाही या भरवशावर अख्खी सहल उभी केली होती.

मेव्हण्याला बोलावून घेतलं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "घोडी एकच आहे. तिच्यावर तुझी ताई बसेल."

मेव्हण्यानं खाली बघितलं. "मंग मी बूट कशाला घेतले?"

"ऊस भिजवताना घाल," ताई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "अन् मी कधी हो म्हणले?"

"पण तूच तर..."

"आठ दिवस झाले, तुमी घरात चोरावानी फिरताय. कंबर धरताय. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी घोडीवर बसू काय?"

मेव्हणा लगेच म्हैस बघायला म्हणून अंगणात गेला, आमच्याकडं म्हैस नसताना. ती खरं बोलत होती. तिचं बसणंही मी माझंच करून टाकलं होतं.

"मग तुला काय पाहिजे?" मी विचारलं. इतक्या दिवसांत हे मी पहिल्यांदाच विचारत होतो.

"मला शिकायचंय. मामूंनी लगाम धरून मिरवायची असंल तर नको. मी काय नवरदेव हाय?"

दुसऱ्या दिवशी मी एकटाच मामूंकडं गेलो. ते दाढी खाजवत राहिले. "साहेब, माझ्या घोडीवर आजवर नवरदेव बसलेत, करवल्याची पोरं बसलीत. बाई बसली न्हाई. लोक हसतील."

"मला हसलेच की."

"ते बी खरं हाय," मामू म्हणाले, आणि मला वाटलं त्यापेक्षा फारच लवकर पटलं त्यांना.

शाळा सुटल्यावर ती पंजाबी ड्रेस घालून मोकळ्या मैदानात जायची. मामू मधे उभे राहायचे आणि ओरडायचे, "भाभी, लगाम ढिला! पोरं वर्गात बसवल्यावानी बसवू नका तिला!" ती एकदा पडली. मी धावलो तर म्हणाली, "तुमी घरी जा, भात लावा." मी घरी जाऊन भात लावला.

ठरलेल्या दिवशी तांबडीला पिकअपमध्ये चढवली आणि रानाच्या कडेला उतरवली. बायको स्वतः चढली. पुढं वनरक्षक, मागं बऱ्याच अंतरावर मामू चालत, मधे ती. लगाम तिच्या एकटीच्या हातात होता. ज्वारीच्या आडून तिचं डोकं आणि खांदे तेवढे जाताना दिसले, मग झाडी लागली.

मी आणि मेव्हण्यानं इकडं शेतात तंबू ठोकला. तो एकदा पडला. चूल पेटवली, पिठलं केलं, ते खाली लागलं. भाकरी मेव्हण्यानं थापल्या. त्यांना आकार म्हणावा असं काही नव्हतं. ऊन उतरू लागलं तरी ती येईना. मी उठून बांधापर्यंत जायचो आणि परत यायचो.

"दाजी, बसा की. ती घोडीवर हाय, चंद्रावर न्हाई," मेव्हणा म्हणाला.

ती आली तेव्हा तोंडावर धूळ होती आणि केस सुटले होते. उतरली आणि दोन पावलं फाकूनच टाकली, मग घोडीला धरून हसत उभी राहिली. मांड्या आखडल्या होत्या.

"मोर दिसले?" मेव्हण्यानं विचारलं.

"लांबून. अन् केकाटले लई." मग ती माझ्याशी बोलली. "ज्वारी सगळी खाली दिसती वरून. कणसंच कणसं, पार टेकडीपर्यंत. मी जन्मभर ताटांच्या मधून चालले, पण शेत असं असतं हे ठाऊकच नव्हतं."

मला हेवा वाटला. खरंच वाटला, आणि आठ-पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला अपराधी वाटायचं राहून गेलं.

"मलाही बघायचंय ते," मी म्हणालो. कंबर न धरता, आडून न सांगता.

"मंग असं बोलावं माणसानं," ती म्हणाली आणि करपलेल्या पिठल्यात भाकरी बुडवली. "उद्या सकाळी मी जाणार. तुमचं बघू दुपारून."