मोगऱ्याच्या वासाची मेणबत्ती

तीन काचेच्या ग्लासांत मोगऱ्याच्या वासाचं मेण ओतलं आणि प्रत्येकात वेगळ्या जाडीची वात लावून पाहिली. बारीक वात वितळलेल्या मेणात बुडून विझली, जाड वातीनं काच काळी केली. मधली नीट जळली, म्हणून ती थोरल्या जाऊबाईंच्या उशाशी ठेवली. वर्षभर त्या अंथरुणात आहेत. पाठीच्या जखमेला वास येतो, म्हणून नातसुद्धा दारातूनच बोलून पळते, आणि ते त्यांना कळतं बरं का.

"येतोय का गं मोगरा?" त्यांनी विचारलं.

"इथं बसून नाकाला कळत नाही हो. बाहेर जाऊन परत यावं लागतं."

"जा बाई, तुझे पाय चालतायत तोवर जा."

अंगणात दोन मिनिटं उभी राहिले. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. मनात आलं, मी त्यांच्याजवळ बसते ती माया म्हणून, की नुसती नाकाला सवय झाली म्हणून?

आत आले. मोगरा होता, पण त्याच्याखाली तो दुसरा वासही तसाच होता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"मोगराच येतोय," मी म्हटलं.

"मग बोलाव की तिला," त्या म्हणाल्या, आणि विस्कटलेले केस हातानं सारखे करू लागल्या.